मापटंभर कोंडा

भात कांडलं की तांदूळ माणसाचा, कणी कोंबडीची, कोंडा म्हशीचा आणि तूस चुलीचं, अशी वाटणी सावरखारात वाडवडलांपासून ठरलेली होती. त्यात मासा कुठे बसतच नव्हता. मासा राजपुरीच्या खाडीतून यायचा नाहीतर रंगू कोळणीच्या पाटीतून, आणि तो काय खाऊन मोठा होतो याची चौकशी गावात कुणी कधी केली नव्हती. म्हणून नीराबाई घरोघर जाऊन "माशांसाठी कोंडा द्या गं" म्हणायला लागली तेव्हा बायका आधी हसल्या आणि मग एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरा गेलेली बाई, एकटी राहते, डोक्यावर परिणाम झाला असेल असंच त्यांना वाटलं.

डोक्याला काही झालं नव्हतं. नीराबाईचं डोकं गावातल्या चार पुरुषांपेक्षा बरं चालायचं, आणि हे तिचा दीर गुणाजीसुद्धा कबूल करायचा, अर्थात ती समोर नसताना. भानगड होती ती तळ्याची.

तळं तिच्या नवऱ्याने, विठोबाने खणलेलं. डोंगराच्या पायथ्याशी, गुणाजीच्या भातखाचराच्या खालच्या अंगाला, दोन उन्हाळे एकट्याने खपून. पाणी झऱ्याचं, गोडं. विठोबा बोलघेवडा माणूस. तळं पहिल्यांदा भरलं त्या पावसाळ्यात गावकीच्या बैठकीत उभं राहून त्याने सांगून टाकलं, "ह्या तळ्यातली मासळी शिमग्याला अख्ख्या गावाला जेवू घालीन." चाळीस घरांचं गाव, लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी, तळ्याच्या बांधावर गवत कापताना त्याला पान लागलं. आमच्याकडे अशा वेळी सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. गुणाजीने भावाला पाठीवर घेतलं आणि आगरदांड्याच्या वाटेने पळत सुटला. वैद्याच्या दारात पोचला तेव्हा पाठीवर नुसतं ओझं उरलं होतं.

त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून गुणाजी त्या बांधावर चढला नव्हता. स्वतःच्या खाचरात जायलाही तो डोंगराकडून लांबचा वळसा घ्यायचा. आणि देश स्वतंत्र झाल्याला अकरावं वर्ष लागलं होतं त्या उन्हाळ्यात, अक्षय्यतृतीयेला, तो वहिनीच्या ओटीवर येऊन बसला.

"वयनी, तळं बुजवून टाकूया. खंडीभर भात पिकंल तिथं. नुसतं पानी साठवून काय करायचंय?"

बोलणं भाताचं होतं, पण बोलताना तो तळ्याकडे पाठ करून बसला होता. नीराबाईला कळत होतं. त्याला तळं डोळ्यांपुढे नको होतं. तिला मात्र ते हवं होतं, कारण विठोबाच्या हातचं तेवढंच उरलं होतं. ते, आणि त्याचा शब्द. गावातली माणसं काही वाईट नव्हती, पण शिमगा आला की कुणीतरी हसत म्हणायचंच, "विठोबाची मासळी अजून शिजतेच हाय." हे तिला वर्षभर टोचत राही.

"भावजी, येत्या शिमग्यापर्यंत थांबा," ती म्हणाली. "गाव जेवलं तर तळं राहील. न्हाय जेवलं तर मातीची पहिली पाटी मीच टाकते."

गुणाजीने हातातल्या विड्याच्या पानाचा देठ खुडून टाकला. मग "ठरलं" म्हणून उठला. दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतला तो नव्हता, आणि तीही नव्हती.

आता शब्द तर दिला, पण मासळी आणायची कुठून? तळ्यात होते चार बेडूक आणि शिंगाळ्या म्हणतात ते मिशाळ मासे, तेही मूठभर. तिने आगरदांड्याच्या बाजारात दहा जणांना विचारलं आणि दहा जणांनी तिला वेड्यात काढलं. अकराव्याने सांगितलं की सरकारचं मासेखातं म्हणून काही असतं आणि ते माशांची पिल्लं वाटतं. नीराबाईने मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला आणि वाट बघत बसली.

श्रावणात खात्याचा माणूस आला. पत्र्याचे दोन डबे कावडीला लावून, चिखलातून, धापा टाकत. वय पंचविशीचं, घाटावरचा, गळ्यात माळ. मासे न खाणारा माणूस गावोगाव मासे वाटत हिंडतो, याचंच गावाला आधी नवल वाटलं. नीराबाईला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. तो कावड खाली ठेवी आणि लगेच डब्यात हात घालून पाणी खळखळा ढवळायला लागे. चहा पिताना एका हातात बशी आणि दुसरा हात डब्यात.

"साहेब, सारखं पानी कशाला ढवळता?"

"जगतात त्याने. एस. टी.त सुद्धा हात थांबवला नाही मी," तो म्हणाला. मग त्याने डबा तळ्यात तिरका केला. करंगळीच्या पेराएवढी पिल्लं एकेक करून पाण्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. रोहू आणि कटला, बंगालकडचे मासे, पाचशे जीव.

"आणि ही खाणार काय?"

"तुम्ही जे टाकून देता ते. कोंडा चाळून घ्या, कालची पेज घालून गोळे करा, टोपलीत ठेवून टोपली पाण्यात सोडा. रोज सकाळी मापटंभर, महिन्याने दोन मापटी. त्यापेक्षा जास्त नाही. आणि आभाळ दाटलेलं असेल त्या दिवशी काहीच घालायचं नाही."

"का बरं?"

"त्या दिवशी पाण्याला पचत नाही."

पाण्याला पचत नाही. घाटावरचा माणूस, बोलतोय काहीतरी, असं मनात म्हणून नीराबाईने मान हलवली. बाकी सगळं तिने पदराला गाठ मारून घेतलं.

आगरदांड्याला तेव्हा नुकतीच भाताची गिरण बसली होती. गिरणीचा कोंडा तुसाने भरलेला, म्हशीसुद्धा त्याला तोंड लावत नसत. गिरणीवाला तो पाट्यांनी खाडीत ओतायचा. नीराबाई तो डोक्यावरून आणी, बारीक चाळणीने चाळी, आणि खाली पडे ते पिवळसर पीठ पेजेत मळी. गुणाजी हे लांबून बघे. "माशाला लाडू," तो आपल्या बायकोला म्हणाला. "कोंडा घालून मासा व्हतो म्हनं. मग तांदूळ घातला तर काय मगर व्हईल?" बायको, कमळ, त्याच्यासमोर हसली आणि संध्याकाळी गुपचूप सुपलीभर कोंडा जावेकडे देऊन आली.

पहिले पंधरा दिवस काही म्हणजे काही दिसलं नाही. टोपली सकाळी भरलेली जाई, संध्याकाळी रिकामी येई. नीराबाईला वाटे, बेडकंच खातायत. मग एका सकाळी तिने टोपली सोडली, आणि काठाशी बसून नुसती बघत राहिली. पाणी हललं. टोपलीभोवती आधी एक वळसा, मग दहा, मग सगळं पाणीच जिवंत झालं. बोटाएवढे, रुपेरी अंगाचे मासे गोळ्यांना टोचत होते, ढुशा देत होते, एकमेकांच्या अंगावरून जात होते. पेराचे बोटाएवढे झाले होते, आणि कशावर? गिरणीवाल्याने खाडीत ओतलेल्या कोंड्यावर. तिने चाळीस वर्षं भात कांडलं होतं. किती कोंडा तिच्या हातून उडाला, किती उकिरड्यावर गेला, त्याचा हिशेब नव्हता, आणि त्या सगळ्यात हे होतं. तिने पाण्याला हात जोडले आणि मग कुणी बघितलं नाही ना म्हणून आजूबाजूला पाहिलं.

बघितलं होतं. रंगू कोळीण बांधावर पाटी टेकून उभी होती. "नीराबाय, सुक्या बोंबलाला कदी हात नाय जोडलेस तू," ती म्हणाली. पण तीही खाली वाकून बघायला लागली, आणि पाटी तिथेच विसरून किती वेळ बसली.

रंगूने बघितलं म्हणजे पाच गावांना कळलं. माणसं तळं बघायला यायला लागली. सकाळी टोपली सोडायच्या वेळी बांधावर पोरं, बायका, म्हातारे. टोपली पाण्यात गेली की सगळे एकदम गप्प होत. आणि आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे, कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. बाळंतिणीला बघायला जाताना खारीक न्यायची, तशी जो तो तळ्याला कोंडा न्यायला लागला. कुणी ओंजळभर, कुणी सुपलीभर. आवडाबाई म्हातारी, जिला उठता येत नव्हतं, तिने नातसुनेकडून पेजेचं भांडं पाठवलं. नीराबाई "पुरे" म्हणे, पण हात धरणार कुणाकुणाचा? आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. ज्या गावाने विठोबाला हसून घेतलं ते गाव त्याच्या तळ्याला जेवू घालत होतं. दोन मापट्यांची चार झाली, चारांची आठ. मासे वीतभर झाले होते. खातं घर वाढतं, ती मनात म्हणायची.

मग हस्त लागला. हस्त कोसळायचा, तो त्या वर्षी नुसता दाटून बसला. तीन दिवस आभाळ काळंभोर, वाऱ्याची झुळूक नाही आणि थेंब पडेना. गुणाजीचं गरवं भात, उशिरा पिकणारं, तेव्हा पोटरीला आलेलं, लोंबी अजून पोटात, त्याने खाचरातलं शेवटचं पाणी बांध लिंपून अडवून धरलं होतं. नीराबाईच्या मनात खात्याच्या माणसाचं बोलणं एकदा येऊन गेलं. आभाळ आलं म्हणून दारचा जीव उपाशी ठेवायचा? असं तर तिच्या सासूनेही कधी केलं नसतं. तिने तिन्ही दिवस टोपली भरून सोडली. शंभर गोष्टी पाळल्या आणि मुसळ केरात.

चौथ्या दिवशी पहाटे ती बांधावर आली आणि जागीच थबकली. तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तोंडं होती. शेकडो गोल, फिकट तोंडं पाण्यावर आलेली, उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. सळसळ नाही, उडी नाही, नुसता एक बारीक चुटचुट आवाज सगळ्या पाण्यावरून येत होता. तिने असं कधी पाहिलं नव्हतं. सगळं तळं तिच्याकडे तोंड करून काही मागत होतं. तिचे डोळे भरून आले. एवढी भूक लागली रे बाळांनो, म्हणत ती धावत घरी गेली आणि उरला होता तेवढा सगळा कोंडा आणून पाण्यावर उधळला.

एकाही माशाने तोंड लावलं नाही. कोंडा तोंडांच्या मध्ये तरंगत राहिला. एक कटला हळूच आडवा झाला आणि त्याचं पांढरं पोट वर आलं.

रंगू तेव्हाच बांध चढत होती. तिने एकदा पाण्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची पाटी जवळपास टाकलीच. "अगं काय केलंस? ही भूक नाय. दम लागलाय त्यांना. हंड्यातल्या जित्या मासलीचं पानी शिळं झालं ना, की अशीच तोंडं वर करते ती. पानी सडलंय तुजं."

नीराबाईला एकदम खात्याच्या माणसाचा तो हात आठवला. एका हातात चहाची बशी आणि दुसरा हात डब्यात, सारखा खळखळ, खळखळ. जगतात त्याने.

ती लुगड्यासकट पाण्यात शिरली आणि दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागली. रंगूने कासोटा घट्ट केला आणि तिच्या मागे उडी घेतली, आणि कोळणीचा गळा तो, तिने घातलेली साद खालच्या आळीपर्यंत पोचली. गावात ती कांडपाची वेळ. घराघरातून मुसळांचा ठोका चालू होता, तो एकदम थांबला. बायका हातातलं मुसळ हातात धरूनच पळत आल्या. कमळ आली, आवडाबाईची नातसून राही आली, गोदू आली, वीसएक बायका आल्या. काय करायचं हे कुणाला सांगावं लागलं नाही. त्या कमरेइतक्या पाण्यात ओळीने उभ्या राहिल्या आणि मुसळं वर उचलून पाण्यात मारायला लागल्या, भात कांडतात तशीच, एकीचं वर तर दुसरीचं खाली. हात आपसूक ठोक्यात आले. मग कुणीतरी कांडपाची ओवी धरली, कारण ठोका पडला की तोंड गप्प राहत नाही. पाणी पांढरं झालं, उसळलं, कोंड्याचा आंबूस वास सुटला. तोंडं त्यांच्या कमरेला, दंडांना लागत होती.

तासभर झाला. बायकांचे हात भरून आले. मुसळं थांबली की तोंडं पुन्हा वर, तशीच. नीराबाई गळ्याएवढ्या पाण्यात होती. ओठ निळे पडले होते, तरी ती बाहेर येत नव्हती. मेलेले मासे तिच्या खांद्याला लागून जात होते. हे मीच केलं, मीच घातलं, एवढंच ती पुटपुटत होती.

वर खाचराच्या कडेला गुणाजी उभा होता. साद ऐकून तो आला होता, पण तळ्याच्या बांधावर नाही, आपल्या बांधावर. कमळने मुसळ टेकून वर पाहिलं. त्याच्या पायांशी घोटाभर पाणी होतं, निवळ, गार, आणि त्यात पोटरीला आलेलं भात. आणखी आठ दिवस ते पाणी मिळालं तर दाणा भरणार होता. पाऊस येण्याची चिन्हं नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

तो तिथे किती वेळ उभा होता ते कुणी मोजलं नाही. मग त्याने फावडं उचललं आणि बांधाला खांड पाडली. एकदा, दोनदा, तिसऱ्या घावाला माती वाहून गेली आणि खाचराचं पाणी पुरुषभर उंचीवरून धो धो तळ्यात कोसळायला लागलं. त्याने दुसऱ्या कोपऱ्यावर आणखी एक खांड पाडली.

आणि मग बायकांनी जे पाहिलं ते त्या म्हाताऱ्या झाल्या तरी सांगत राहिल्या. पाणी पडत होतं तिथे तोंडं वळली. सगळी. एकेक करून नाही, सगळं तळं मिळून त्या बाजूला सरकलं. पडत्या पाण्याखाली पाठींवर पाठी चढल्या, काळ्या, रुपेरी, हलणाऱ्या. आणि थोड्या वेळाने त्यातलं एक तोंड मिटलं आणि खाली गेलं. मग दुसरं. मग एकदम शंभर. पाणी वरून मोकळं झालं. ओवी कधीच थांबली होती. वीस बायका मुसळं हातात धरून त्या रिकाम्या पाण्याकडे बघत राहिल्या.

साठेक मासे मेले, बाकीचे जगले. पाऊस त्या वर्षी पुन्हा आला नाही.

गुणाजीचं खाचर कापलं तेव्हा लोंब्या उभ्याच होत्या, वाकलेल्या नव्हत्या. झोडलं तर निम्म्याहून जास्त पळिंज, आत दाणा नसलेलं पोकळ भात. नीराबाई खळ्यावर गेली, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. "वयनी, भात पुढल्या वर्षी पन येतं," म्हणाला आणि झोडायला लागला. तिने त्यानंतर मापट्याबाहेर चिमूटभर कोंडा घातला नाही. लोक आणत ते ती सुकवून मडक्यात भरी. आभाळ आलं की बांधावर बसून राखण करी, कुणी टाकील म्हणून.

शिमग्याला रंगूचा भाऊ सदा जाळं घेऊन आला. समुद्रावरचा माणूस, तळ्यात जाळं टाकायला त्याला लाजच वाटत होती. जाळं ओढलं तेव्हा मात्र त्याने पाय रोवले आणि आणखी चौघांना हाक मारली. शेर शेर, दीड शेराचे मासे. काठावर ठेवलेले पाहून आवडाबाईला, जिला पाटावर बसवून आणलं होतं, खरं वाटेना. तिने एका कटल्याच्या खवल्यांवरून हात फिरवला. "कोंड्याचा हा?" तिने विचारलं. "सगळा कोंड्याचाच?" आणि मग बराच वेळ हात काढलाच नाही.

गाव जेवलं. चाळीसही घरं, देवळासमोरच्या मांडवात. चिखलाचा वास येतो का, असं सगळ्यांनी रंगूला विचारलं, कारण माशातलं तिला कळतं. "येतो थोडा," ती म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. विठोबाच्या मासळीची थट्टा त्या दिवशी कुणी केली नाही. शेवटच्या पंगतीला गुणाजी बसला, खाली मान घालून जेवला, आणि हात धुऊन तसाच निघून गेला. नीराबाईला तेवढंच लागून राहिलं. शब्द पुरा झाला, तळं राहिलं, पण त्याच्या मनातून ते गेलं की नाही हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन तळ्याकडे निघाली. लहान राहिलेले शंभरएक मासे सदाने पुन्हा पाण्यात सोडले होते, ते काही उपाशी ठेवायचे नव्हते. बांधावर कुणीतरी बसलेलं दिसलं. विठोबा जिथे गवत कापत होता तिथे. जवळ गेली तेव्हा गुणाजी, आणि शेजारी पाटीभर कोंडा.

"भावजी, कशाचा हो?"

"माझ्या खाचराचा. पळिंज गिरनीत दळून आनलं. चाळलंय मी दोनदा." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "दाना न्हायच त्यात. म्हशीला घालून काय उपेग. ह्याच्या वाटचं पानी त्यांना गेलं, हेबी त्यांनाच खाऊ दे."

नीराबाईने टोपलीतलं मापटं त्याच्यापुढे केलं. गुणाजीने ते कोंड्यात बुडवलं, शिगोशीग भरलं, मग तळव्याने वरचं सगळं काढून सपाट केलं. डोळ्यांवर हात धरून त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, खाडीपासून डोंगरापर्यंत, नीट.

"आज आभाळ न्हाय," तो म्हणाला, आणि पाण्याकडे वळून बसला.